भाड्याच्या घराची दुरुस्ती: खर्च निघण्याआधीच त्याचा अंदाज कसा बांधायचा

आमच्या इमारतीतले एक काका नुकतेच निवृत्त झाले. हाती आलेल्या पैशांतून डोंबिवलीत दोन बेडरूमचा जुना फ्लॅट घ्यावा आणि भाड्याने द्यावा, असं त्यांच्या मनात आहे. परवा हिशेबाचा कागद घेऊन ते आमच्याकडे आले. महिना २२,००० भाडं, म्हणजे वर्षाचे २,६४,०००. त्यातून सोसायटीचं मेंटेनन्स आणि मालमत्ता कर वजा केलेला, खाली दोन रेघा मारून उत्तर लिहिलेलं. मी विचारलं, "काका, दुरुस्तीचे किती धरलेत?" ते म्हणाले, "ते काय, खर्च निघाला की करायचा. आधी कसं कळणार?"

आधी कळतं. रुपया-पैशापर्यंत नाही, पण घर घ्यावं की नाही, भाडं किती ठेवावं, म्हातारपणी त्या भाड्यावर किती विसंबावं, एवढं ठरवण्याइतकं नक्की कळतं.

मी हे बाबांच्या वहीवरून शिकले. डोंबिवलीचा आमचा फ्लॅट १९९८ साली ताब्यात आला आणि २००३ पासून भाड्याने आहे. त्या घरावर केलेला प्रत्येक खर्च बाबांनी लाल पुठ्ठ्याच्या एका लांबट वहीत लिहून ठेवला: तारीख, काम, मजुरी, सामान. "१२ जून, मोरीच्या नळाचा वॉशर, १५ रु." एवढीशी नोंदही त्यांनी सोडली नाही. २०१६ मध्ये बाबा गेले. तेव्हापासून ते घर मी बघते आणि त्याच्या भाड्यावर आईचा महिना चालतो. पहिल्या तीन वर्षांत दोनदा असं झालं की लागोपाठ काही महिन्यांचं भाडं त्याच घरात गेलं आणि आईच्या हातात काहीच पडलं नाही. तेव्हा मी ती वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

वाचता वाचता लक्षात आलं की नोंदींना एक ताल आहे. रंगकाम दर चार वर्षांनी. पहिला गीझर आठव्या वर्षी गेला, दुसरा सातव्या. फ्लशच्या टाकीचं काम सात-आठ वर्षांनी फिरून येतंच. ज्याला आम्ही घरात "अचानक निघालेला खर्च" म्हणत होतो, तो जवळजवळ ठरल्या वेळी येत होता.

देखभाल, दुरुस्ती आणि बदल

हे तीन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. देखभाल म्हणजे बिघडू नये म्हणून केलेलं काम: टाइल्सचे सांधे भरणं, गीझर उघडून साफ करणं. दुरुस्ती म्हणजे बिघडलेलं पुन्हा चालू करणं. आणि बदल म्हणजे आयुष्य संपलेली वस्तू काढून नवी बसवणं.

स्कूटरचं उदाहरण घ्या. ऑइल बदलणं ही देखभाल, पंक्चर काढणं ही दुरुस्ती, नवे टायर घालणं हा बदल. टायर रोज झिजत असतो, म्हणजे त्याचा खर्च रोज होत असतो. फक्त पैसे एके दिवशी एकदम जातात. घरात नळाचा वॉशर आणि ट्यूबलाइट आपण हिशेबात धरतो, कारण ते डोळ्यांसमोर असतात. अंदाज कोसळतो तो बाथरूमची फरशी, वायरिंग आणि खिडक्या यांच्यापायी.

घराच्या किमतीवर टक्का का लावू नये

अमेरिकेतल्या घरमालकांत एक ढोबळ नियम चालतो: घराच्या किमतीच्या १ टक्का रक्कम दरवर्षी दुरुस्तीला धरायची. आपल्याकडेही हल्ली हा नियम सर्रास सांगितला जातो. तो आपल्या शहरांत लागू पडत नाही, कारण इथे घराची किंमत म्हणजे मुख्यतः जागेची किंमत असते, आणि जागा झिजत नाही.

समजा डोंबिवलीतला फ्लॅट ७५ लाखांचा आहे. नियमाप्रमाणे वर्षाला ७५,००० झाले. तेवढाच फ्लॅट पार्ल्यात अडीच कोटींचा असेल, तर अडीच लाख. पण पार्ल्यातला गवंडी काही तिप्पट मजुरी घेत नाही आणि टाइल्सचं खोकं दोन्हीकडे जवळपास त्याच भावाला मिळतं. उलट साताऱ्यात असाच फ्लॅट २५ लाखांना मिळत असेल, तर नियम सांगतो २५,००० पुरतील. ते पुरत नाहीत, कारण बाथरूम तिथेही तेवढंच असतं.

सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनी, म्हणजे सोसायटी चालवण्याच्या नमुना नियमांनी, ही अडचण बरोबर ओळखली आहे. त्यांत दुरुस्ती निधी दरवर्षी किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवायचा निधी, किमान ०.२५ टक्के सांगितला आहे. पण हे टक्के बाजारभावावर लागत नाहीत. ते फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर लागतात. सिंकिंग फंडाच्या तरतुदीत तर जागेची किंमत वगळायची, असं स्पष्ट म्हटलं आहे. झिजतं ते बांधकाम, म्हणून मोजायचं तेही बांधकामच.

भाड्याचे ठरावीक टक्के धरण्यातही असाच दोष आहे. स्टेशनजवळ म्हणून भाडं जास्त मिळतं, पण तेवढ्यासाठी गीझर लवकर जळत नाही.

घर म्हणजे एक भिशी

मग मोजायचं कसं? भिशी आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दहा-बारा जणी दर महिन्याला ठरलेले पैसे टाकतात आणि दर महिन्याला कुणाचा तरी नंबर लागतो. घरातल्या वस्तूंची अशीच भिशी करायची. रंग, बाथरूम, गीझर, खिडक्या हे सभासद. प्रत्येकाच्या नावाने दर महिन्याला आपण हप्ता टाकायचा आणि ज्याचा नंबर लागेल त्याने रक्कम उचलायची.

हप्ता काढायला दोन आकडे लागतात: ती वस्तू आज नवी करायला किती पैसे लागतील, आणि ती किती वर्षं टिकते. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की वर्षाचा हप्ता. आमच्या ६०० चौरस फूट कार्पेटच्या घराचा माझा हिशेब असा आहे. दर तुमच्या भागात वेगळे असतील, तेव्हा आकड्यांपेक्षा पद्धत बघा.

रंगकाम, लांबी (पुट्टी) भरून दोन हात: ४५,०००, ४ वर्षं; वर्षाला ११,२५०
दोन बाथरूम, वॉटरप्रूफिंग आणि टाइल्ससह: १,६०,०००, १५ वर्षं, वर्षाला १०,६६७
ओट्याखालच्या ट्रॉल्या, सिंक: ६०,०००, १२ वर्षं, वर्षाला ५,०००
खिडक्या, दारं, जाळ्या: ७०,०००, २० वर्षं, वर्षाला ३,५००
वायरिंग आणि बोर्ड: ७५,०००, २५ वर्षं, वर्षाला ३,०००
नळ, शॉवर, फ्लशच्या टाक्या: २४,०००, ८ वर्षं, वर्षाला ३,०००
दोन गीझर: २०,०००, ८ वर्षं, वर्षाला २,५००
भिंतीतली पाण्याची पाइपलाइन: ५०,०००, २५ वर्षं, वर्षाला २,०००
पंखे आणि दिवे: १६,०००, १० वर्षं, वर्षाला १,६००

बेरीज ४२,५०० च्या आसपास येते. त्यात किरकोळ कामांचे महिन्याला ५०० धरले की वर्षाचे ४८,५००, म्हणजे महिन्याला साधारण ४,०४०. काकांनी धरलेल्या २२,००० भाड्याच्या १८ टक्के. दुसऱ्या शब्दांत, वर्षातल्या दोन महिन्यांहून जास्त भाडं हे घराचं स्वतःचं असतं. ते आपल्या खात्यात येतं म्हणून आपल्याला ते उत्पन्न वाटतं.

हे पैसे मी वेगळ्या खात्यात ठेवते आणि त्यातली काही रक्कम आवर्ती ठेवीत जाते. दर वर्षी पाडव्याच्या सुमारास दर पुन्हा विचारून हप्ते नव्याने काढते, कारण मजुरी आणि सामान महाग होत राहतं. वर्षाला ७ टक्के वाढ धरली तरी दहा वर्षांत खर्च दुप्पट होतो. बाबांच्या वहीतला २००७ सालचा रंगकामाचा आकडा आज अंदाजाला धरला, तर अर्ध्या घरालाही रंग लागायच्या आत पैसे संपतील.

वस्तूचं उरलेलं आयुष्य कसं ओळखायचं

माझ्याकडे वही होती. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी घर वाचायला शिकावं. यासाठी एक रुपयाचं नाणं, कागद-पेन्सिल आणि एक सकाळ पुरते.

बाथरूमच्या टाइल्सवर नाण्याने हलकं टकटक करत जा. जिथे टाइल भिंतीला घट्ट धरून असते तिथे भरीव, बंद आवाज येतो. जिथे सुटलेली असते तिथे डबा वाजवल्यासारखा पोकळ आवाज येतो, आणि एकदा पोकळ आवाज ओळखला की कान तो चुकत नाही. पेन्सिलने तिथे खूण करा. एखाद-दुसरी पोकळ असेल तर काळजी नाही. नळाखाली आणि नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीच्या भोवती सलग सात-आठ पोकळ निघाल्या, तर त्या बाथरूमचं आयुष्य तीन-चार वर्षंच धरा.

जुन्या इमारतीत सकाळी सगळ्यांत आधी नळ उघडून पहिला तांब्या पांढऱ्या पातेल्यात ओता. पाणी पिवळसर, तळाला तांबूस कण असतील, तर भिंतीत जुने लोखंडी जी.आय. पाइप असण्याची आणि ते आतून गंजत असण्याची शक्यता मोठी. असा पाइप एका जागी फुटला की तेवढाच तुकडा बदलून भागत नाही, कारण बाकीचाही त्याच वयाचा असतो. आमच्याकडे २०२१ मध्ये, तेविसाव्या वर्षी, तिसऱ्यांदा फुटल्यावर मी पूर्ण लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिकची, करून घेतली. पहिल्यांदा फुटला तेव्हाच करायला हवी होती. दोन वेळची फोडाफोड आणि दोन वेळचं प्लास्टर वाचलं असतं.

गीझर आणि इस्त्री चालू असताना स्विचबोर्डला हात लावून बघा. गरम लागला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, तिथे थांबू नका. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर गीझरच्या आठ वर्षांतली दोन-तीन वर्षं कमी करा, कारण कॉइलवर पांढरा थर बसत जातो. इमारत कुठे आहे हेही बघा. मुंबई-ठाण्यात पावसाळ्यात २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात वर्षभरात ७०० च्या आसपास. त्यामुळे ठाण्यातल्या पश्चिमेकडच्या खोलीचा रंग पुण्याच्या हिशेबाने टिकणार नाही. रत्नागिरी-मालवण किंवा गोव्यात समुद्राजवळ घर असेल, तर ग्रिल आणि स्लॅबमधलं लोखंड खारी हवा लवकर खाते.

"पण गेल्या पाच वर्षांत काहीच खर्च आला नाही"

असं मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकायला मिळतं. पाच वर्षं खर्च आला नाही म्हणजे पाच वर्षांचे हप्ते थकले आहेत. वस्तू झिजायच्या थांबलेल्या नाहीत.

जुनं घर विकत घेणाऱ्याने तर ही गोष्ट मनावर कोरून ठेवावी. भिशीत मध्येच शिरणाऱ्याला मागचे हप्ते भरावे लागतात. बाथरूमला १५ वर्षांचं आयुष्य आहे आणि १२ वर्षं होऊन गेली आहेत, तर तुमच्या हातात तीनच वर्षं उरली. १,६०,००० रुपये तुम्हाला १५ वर्षांत नव्हे, तीन वर्षांत उभे करायचे आहेत. मागच्या १२ वर्षांचे १,२८,००० आधीच्या मालकाने वापरून संपवले आहेत. ते एकतर किमतीतून वजा झाले पाहिजेत, नाहीतर तुमच्या खिशातून जातील.

"नवीन फ्लॅटला काय होतंय?"

सुरुवातीला कमीच होतं, हे खरं. शिवाय रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो. ओल, तडे, सुटलेल्या टाइल्स असं काही दिसलं की त्या मुदतीत लेखी कळवा, फोटोसह. फोनवर बोलून ठेवलेलं पुढे कुणाला आठवत नाही.

पण नव्या घराचा एक वेगळा धोका आहे. त्यातल्या सगळ्या वस्तूंचं घड्याळ एकाच दिवशी सुरू झालेलं असतं. त्यामुळे बारा-पंधरा वर्षांनी ट्रॉल्या, दोन्ही बाथरूम, दुसऱ्या खेपेचे गीझर आणि रंग, सगळ्यांचे नंबर दोन-तीन वर्षांत एकदम लागतात. बाबांच्या वहीत २०११ ते २०१३ ची पानं गच्च भरलेली आहेत ती याचमुळे. फ्लॅट नवा असताना हप्ते भरायला सगळ्यांत सोपं असतं, आणि नेमकं तेव्हाच कुणी भरत नाही.

"बाहेरचं सगळं सोसायटी करतेच की"

करते, पण तुमच्याच पैशाने. उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप, पाण्याच्या टाक्या, लिफ्ट, पावसाच्या पाण्याची गळती ही सोसायटीची कामं. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकमधून होणारी गळती त्या सभासदाच्या खर्चाची. खालच्यांच्या छताला ओल आली की आधी हे ठरवावं लागतं की पाणी कुठून येतंय. पावसाळ्यातच येत असेल तर बाहेरून, बाराही महिने येत असेल तर बहुधा वरच्यांच्या मोरीतून.

खरी ठेच लागते ती मोठ्या कामाला. बऱ्याच सोसायट्यांत ते ०.७५ आणि ०.२५ टक्के इमारत बांधली तेव्हाच्या खर्चावर मोजले जातात आणि वर्षानुवर्षं तसेच राहतात. १९९८ साली फ्लॅटचा बांधकाम खर्च ४ लाख धरला असेल, तर दोन्ही मिळून वर्षाला जमा होणार ४,००० रुपये. आज तेवढंच बांधायला २० लाख लागत असतील, तर जमा व्हायला हवे होते २०,०००. मधली तूट एके दिवशी वर्गणी म्हणून समोर येते. समजा ५० फ्लॅटच्या इमारतीला प्लास्टर आणि गच्चीच्या कामाला ६० लाख लागले आणि निधीत २५ लाखच निघाले, तर उरलेल्या ३५ लाखांचे प्रत्येकी ७०,००० होतात. असं काम दहा वर्षांनी एकदा धरलं, तर वर्षाला आणखी ७,००० भिशीत टाकायला हवेत. आमचा महिन्याचा हप्ता मग ४,६२५ होतो, भाड्याच्या २१ टक्के.

म्हणून जुना फ्लॅट घेताना स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढे गेली की दर तीन वर्षांनी तो करून घ्यायचा, असं उपविधी सांगतात. त्यासोबत सोसायटीचा ताळेबंद मागा आणि निधीत किती शिल्लक आहे ते बघा. घर भाड्याने दिल्यावर सोसायटी बिनवहिवाट शुल्कही (नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस), म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क, लावते. २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असता कामा नये.

"भाडेकरूनं करावं ना, वापरतो तोच"

वापरण्याचेच तर तो भाडं देतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या १४ व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. मालकाने टाळाटाळ केली तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतची रक्कम वळती करून घेऊ शकतो. लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा मात्र कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो. त्यामुळे तिथे करारातल्या शब्दांना सगळं वजन येतं. आणि आपले बहुतेक छापील करार दुरुस्तीबद्दल एका ओळीत गुंडाळून मोकळे होतात.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात कामांची चांगली वाटणी केलेली आहे. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच बंधनकारक होतो, पण करार लिहिताना समोर ठेवायला उत्तम. बांधकामाची दुरुस्ती, रंग, पाइप आणि वायरिंग बदलणं मालकाकडे. नळ आणि त्यांचे वॉशर, गीझरची दुरुस्ती, स्विच-सॉकेट, कड्या-कुलुपं, फुटलेल्या काचा, जाळ्या भाडेकरूकडे. आमच्या करारात मी यात एक बदल केला आहे: गीझर जुना होऊन गेला तर मालकाने बदलायचा. सात वर्षं जुना गीझर राहायला आल्यावर दोन महिन्यांत बंद पडला, तर ज्याने तो साठ दिवस वापरला त्याच्याकडून पैसे मागणं मला पटत नाही.

डिपॉझिटमधून कापून घेण्याबद्दलही हेच. वापरातली स्वाभाविक झीज आणि केलेली नासधूस यांत फरक करायला हवा. चार वर्षांत फिका पडलेला रंग ही झीज. भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं किंवा खिळे उपटून पाडलेली भगदाडं ही नासधूस. नासधुशीतही हिशेब सरळ ठेवावा: त्या खोलीच्या रंगाला १२,००० लागणार, रंगाचं आयुष्य चार वर्षं, तीन वर्षं झालेली आहेत, तर उरलेल्या एका वर्षाचे म्हणजे ३,००० मागावेत. पूर्ण १२,००० कापले तर तीन वर्षांची झीजही आपण त्याच्या गळ्यात मारतो. घर देताना आणि परत घेताना दोघांनी मिळून मोबाइलवर व्हिडिओ काढला, तर निम्मी भांडणं होतच नाहीत.

आणखी एक गोष्ट वही सांगते. सगळ्यांत जास्त खर्च भाडेकरू बदलतो तेव्हा होतो: रंग, साफसफाई, दलाली, नव्या कराराची नोंदणी, वर एखादा महिना रिकामा. नीट राहणारं कुटुंब तीनऐवजी सहा वर्षं राहिलं, तर एक अख्खं रंगकाम पुढे ढकललं जातं. अशा कुटुंबाची तक्रार आली की त्याच आठवड्यात माणूस पाठवावा.

"थोडं थांबून करू"

२०१८ च्या मार्चमध्ये आमच्या भाडेकरू ताईंचा फोन आला होता. "मोरीत जाळीभोवती पाणी रेंगाळतं, आणि टाइल्सच्या सांध्यातून पांढरं पांढरं बाहेर येतंय." सांधे खरवडून पुन्हा भरायचे प्लंबरने ३,५०० सांगितले होते. मुलीची परीक्षा होती, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू.

जुलैत खालच्या काकूंनी बोलावलं. त्यांच्या बाथरूमच्या छतावर पिवळसर, कडा तपकिरी झालेला मोठा डाग होता. दिव्याच्या होल्डरपाशी एक थेंब जमत होता, जड होऊन पडत होता, की दुसरा जमायला लागत होता. खाली त्यांनी बादली ठेवली होती आणि दिव्याचं बटण चिकटपट्टीने बंद करून टाकलं होतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, नातू आंघोळीला जातो, मला भीती वाटते." आजही ते वाक्य मला आठवतं.

वरून फोडलं तेव्हा फरशीखालचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे खोलगट स्लॅबमध्ये भरलेला विटांच्या तुकड्यांचा थर, ओल्या चिखलासारखा होऊन गेला होता. ट्रॅपच्या मानेला केसाएवढी चीर होती. तिथून आणि उघड्या पडलेल्या सांध्यांतून महिनोन् महिने पाणी मुरत होतं. पूर्ण बाथरूम, काकूंच्या छताचं प्लास्टर आणि रंग, सगळं मिळून ७८,००० झाले. भाडेकरू ताईंचे बारा दिवस एकाच बाथरूमवर हाल झाले, ते वेगळेच.

पाण्याशी संबंधित काम थांबवू नये. रंग एक वर्ष पुढे गेला तर भिंत फक्त वाईट दिसते. पाणी मात्र स्लॅबमधल्या लोखंडापर्यंत पोचतं, लोखंड गंजतं, गंजताना फुगतं आणि काँक्रीट आतून ढकलून पाडतं. खर्चाची यादी पैशांच्या क्रमाने लावण्याऐवजी मी ती या क्रमाने लावते: आधी पाणी, मग वीज, मग दारं-खिडक्या आणि शेवटी रंग.

दर विचारताना

तीन जणांकडून दर घ्यावेत हे सगळेच सांगतात, पण तिघांचे दर एकाच कामाचे आहेत का हे बघावं लागतं. एक जण मटेरियलसह सांगतो, दुसरा फक्त मजुरी. राडारोडा खाली नेऊन टाकणं कुणाकडे? वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी भरून किमान एक-दोन दिवस तपासणार का? सोसायटी कामासाठी अनामत मागते का? हे सगळं एका कागदावर लिहून तोच कागद तिघांना द्यावा. भिंत किंवा फरशी उघडायची असेल तर सांगितलेल्या रकमेवर १५ टक्के जास्त धरून ठेवावेत, कारण आत काय निघेल हे गवंड्यालाही बाहेरून दिसत नाही.

मग हातात उरतं किती

काकांच्या कागदावर आम्ही पुन्हा हिशेब मांडला. दोन वर्षांतून एक महिना घर रिकामं राहील असं धरलं, म्हणजे वर्षाला सरासरी भाडं २,५३,०००. त्यातून सोसायटीचे ३६,०००, बिनवहिवाट शुल्क १,८००, मालमत्ता कर ६,०००, आणि भिशीचे ५५,५०० (आमच्या घराचे ४८,५०० आणि सोसायटीच्या मोठ्या कामाचे ७,०००) वजा. उरतात १,५३,७००. फ्लॅटची किंमत ७५ लाख धरली तर हा परतावा २ टक्क्यांच्या किंचित वर जातो. त्यांच्या पहिल्या कागदावरचं उत्तर याच्या जवळपास दीडपट होतं.

काका म्हणाले, "पण आयकरात दुरुस्तीची ३० टक्के सूट मिळते ना?" मिळते. भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या भाड्यावर सरसकट ३० टक्के वजावट आहे, प्रत्यक्ष खर्च कितीही असो. इथे ती ७४,१०० येते. पण सोसायटीच्या मेंटेनन्सची वेगळी वजावट नाही. दुरुस्ती आणि सोसायटी मिळून खर्च ९३,३०० चा आहे, म्हणजे सुटीपेक्षा जास्तच. आणि त्या सुटीने फक्त कर वाचतो, गवंड्याची मजुरी आपल्यालाच द्यायची असते.

जागेचा भाव वाढेल या आशेवर फ्लॅट घेणाऱ्याला हे आकडे चालतील. महिन्याच्या खर्चासाठी भाड्यावर विसंबणाऱ्याने मात्र २२,००० नव्हे, १२,८०० मनात धरून घर घ्यावं, असं मी काकांना सांगितलं.

गेल्या रविवारी ते नाणं आणि पेन्सिल घेऊन तो फ्लॅट पुन्हा बघून आले. मोठ्या बाथरूमच्या नळाखालच्या नऊ टाइल्स पोकळ वाजल्या. बाथरूम बारा वर्षांपूर्वीची आहेत, हे विकणाऱ्यांनीच सांगितलं. काकांनी त्यांच्यासमोर कागदावर १,२८,००० लिहिले आणि हे कुठून आले ते समजावून सांगितलं. ऑडिटचा अहवाल आणि सोसायटीचा ताळेबंदही मागितला आहे. अजून उत्तर आलेलं नाही, आणि तोवर इसार द्यायचा नाही असं काकांनी ठरवलं आहे.